पाच नंबरचा मुलगा, आमची आई आणि हायझमन

आज सकाळी इंजिनिअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर आमच्या सिएटलवाल्याने टाकलं, "तीन मॅच हरलेल्या टीमच्या पोराला हायझमन? मग आमच्या पेनिक्सने काय घोडं मारलंय?" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात कॉलेज फुटबॉलची एक मॅच बघितलेली नसणार. मी ऑफिसात होतो, गप्प बसलो. आता घरी आलोय, चहा झालाय, आता लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हायझमन म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला दर वर्षी मिळणारा ब्राँझचा पुतळा. 870 पत्रकार आणि हयात असलेले जुने विजेते मत देतात. मतं कालच बंद झाली, निकाल शनिवारी, 9 डिसेंबर 2023 ला, न्यूयॉर्कमध्ये. चौघं उरलेत, त्यात आमच्या बॅटन रूजच्या एलएसयूचा (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) पाच नंबरवाला क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून टीमचा हल्ला चालवणारा, जेडन डॅनियल्स. ती तीन मॅच हरलेली टीम आमचीच. आणि पेनिक्स म्हणजे सिएटलच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचा क्वार्टरबॅक.

11 नोव्हेंबरला, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, मी आईला टायगर स्टेडियमला घेऊन गेलो. चकल्या अर्ध्या राहिल्या म्हणून ती कुरकुरतच निघाली. गेटवर तिचा विणलेला बटवा अडवला, कारण आत फक्त पारदर्शक पिशवी चालते. बीपीच्या गोळ्या आणि खडीसाखर प्लास्टिकच्या पिशवीत भरून, जांभळ्या-पिवळ्या लाखभर माणसांत आई जाऊन बसली.

समोर फ्लोरिडा. डॅनियल्स त्या रात्री खेळेल की नाही याचीच खात्री नव्हती. आदल्या शनिवारी अलाबामाविरुद्ध डोक्याला मार लागून तो बाहेर गेला होता. आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये पोरगं 85 यार्ड पळालं! आईचा खडीसाखरेचा हात तोंडाशीच थांबला. "अरे, धरत कसं नाही कुणी त्याला?"

या खेळात टीमने बॉल किती यार्ड पुढे नेला ते मोजतात. त्या रात्री त्याने फेकून 372 यार्ड काढले आणि पळून 234. मिळून 606. एकाच मॅचमध्ये 350 च्या वर फेकलेले आणि 200 च्या वर पळालेले यार्ड, असं वरच्या दर्जाच्या कॉलेज फुटबॉलमध्ये आधी कुणालाही जमलेलं नव्हतं. कुणालाही!

तरी आईला खरा प्रश्न दुसराच पडला. डॅनियल्स हेल्मेट काढून बाकावर बसला की ती मला कोपराने ढोसायची. "आता का बसवलं त्याला? काही चुकलं का?" मी सांगितलं, आई, इथे दोन पार्ट्या असतात. बॉल आपल्याकडे असताना हा खेळतो, त्यांच्याकडे गेला की आपली दुसरी अकरा माणसं उतरतात, अडवायला. तिने थोडा वेळ बघितलं. फ्लोरिडाने पुन्हा टचडाऊन केला, म्हणजे बॉल आमच्या शेवटच्या रेषेपार नेला. "ही दुसरी माणसं काही अडवत नाहीत रे." मी म्हटलं, नाही अडवत. "मग हरले की बोल ह्याला लावणार?"

सिएटलवाल्या, वाच हे. साताऱ्याहून आलेल्या बाहत्तर वर्षांच्या बाईला पहिल्याच मॅचमध्ये जे कळलं ते तुला वीस वर्षं तिकडे राहून कळेना?

ओल मिसविरुद्ध (मिसिसिपी युनिव्हर्सिटी) आमच्या पोरांनी 49 पॉइंट केले आणि तरी हरलो, कारण डिफेन्सने 55 दिले. 706 यार्ड दिले! तेव्हा डॅनियल्स कुठे होता? बाकावर, पाणी पीत. 2009 मध्ये हैदराबादला सचिनने 175 केले, आपण 3 रनांनी हरलो, तेव्हा तू काय म्हणाला होतास ते आठव. सामनावीर त्यालाच दिला होता, आणि आपण कुणी ब्र काढला नव्हता.

शिवाय टेबो 2007 ला, ग्रिफिन 2011 ला, लमार जॅक्सन 2016 ला, तिघांच्याही टीम नऊ जिंकून तीन हरलेल्या, आणि तिघांनाही हायझमन मिळाला. 1956 चा पॉल हॉर्नंग तर दहात आठ हरलेल्या नोत्र दामचा. तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नाही ते.

डॅनियल्सने जॉर्जिया स्टेटसारख्या लिंबूटिंबू टीमसमोर आठ टचडाऊन कुटून आकडे फुगवले म्हणाल, तर ठीक आहे, मान्य. पुढे?

पेनिक्सचं मात्र वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. इंडियानात चारही सीझन दुखापतीने संपले, त्यात दोनदा गुडघा. त्यातून उठून वॉशिंग्टनला 13-0 नेलं, म्हणजे तेराच्या तेरा जिंकल्या, परवा शुक्रवारी ओरेगॉनला वर्षात दुसऱ्यांदा हरवलं. वेगळं वर्ष असतं तर मीही त्याचंच नाव घेतलं असतं.

पण हे वर्ष वेगळं नाही. डॅनियल्सचे 40 टचडाऊन पास, फक्त 4 इंटरसेप्शन (फेकलेला बॉल समोरच्यांनी पकडणं), फेकून 3,812 यार्ड, वर पळून 1,134. आणि हा तोच मुलगा, ज्याने अ‍ॅरिझोना स्टेट सोडल्यावर तिथल्या सोबत्यांनी त्याचा लॉकर उपसून फेकला आणि वर त्याचा व्हिडिओ काढला. तो व्हिडिओ बघून मला अजून चीड येते. टीम म्हणे! टीमचा हिशोब याच्याच नावावर का मांडायचा सारखा?

असो. रक्तदाब माझाही वाढतोय आता.

आई गेल्या आठवड्यात साताऱ्याला परतली. आज फोनवर तब्येत, गॅस सिलिंडर, शेजारच्यांचं कुत्रं असं सगळं झाल्यावर म्हणाली, "त्या पाच नंबरचं काय झालं रे?" निकाल शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तिच्याकडे रविवारी सकाळी साडेसहाच्या पुढे. म्हणाली, दूध तापवत असते तेव्हा, ओट्यावरच ठेवते फोन.

त्या वेळात मला कुणीही मेसेज करू नका. सिएटलवाल्या, तू तर अजिबातच नको.