परदेशात घर शोधताना आधी मुलाचा दिवस बघा

परदेशी निघालेले पालक मला हमखास एकच प्रश्न विचारतात, "मॅडम, तिथली एक नंबरची शाळा कोणती?"

मी नागपुरात पाचवी ते आठवीला शिकवते. माझे दादा-वहिनी बरीच वर्षं मेलबर्नला आहेत. त्यांच्याकडे मी मोठ्या मुक्कामाला राहून आलेय, भाच्याला रोज शाळेत नेलंय-आणलंय, त्याच्या शाळेच्या फाटकाशी उभं राहून तिथल्या आयांशी बोललेय. म्हणून लोक विचारतात. दाखला न्यायला आलेले बाबा मोबाईल पुढे करतात. त्यात शाळांच्या क्रमवारीची यादी असते, आणि पहिल्या दहांतल्या कुठल्या शाळेजवळचं घर आपल्याला झेपेल याची बेरीज-वजाबाकी चाललेली असते. ही बेरीज चुकीच्या टोकाने सुरू होते असं माझं स्पष्ट मत आहे. दर वेळी ऑफिसच्या दारात उभ्याउभ्या ते नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी क्रमवारीचं बघू. ऑस्ट्रेलियात तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीच्या मुलांची नॅपलॅन नावाची देशभर एकच चाचणी होते. 2010 पासून 'माय स्कूल' या संकेतस्थळावर शाळाशाळांचे निकाल कोणालाही बघता येतात. खाजगी याद्या त्यावरून, नाहीतर बारावीच्या निकालावरून बनतात. पण त्याच संकेतस्थळावर शाळेच्या नावापुढे आणखी एक आकडा असतो, आयसीएसईए. त्याची सरासरी 1000 धरलेली आहे. मुलांचे आईवडील किती शिकलेत आणि काय काम करतात, यावर तो मुख्यतः ठरतो. यादीत वर असलेल्या बहुतेक शाळांचा हा आकडा हजाराच्या बराच पुढे असतो. शिकलेल्या, बऱ्या पगाराच्या घरांतली मुलं एका ठिकाणी जमली की मार्क चांगले येणारच. त्यात शिक्षकांनी काय भर घातली, हे नंबर सांगत नाही. शिक्षिका म्हणून मला तेवढंच जाणून घ्यायचं असतं.

न्यूझीलंडची गोष्ट तर प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. तिथे 1995 पासून शाळांना 1 ते 10 असा डेसाइल दिला जायचा. कोणत्या शाळेत गरीब वस्तीतली मुलं जास्त आहेत ते बघून अनुदान वाटायचं, एवढाच त्याचा उपयोग. लोकांनी मात्र तो शाळेचा दर्जा समजला आणि 10 डेसाइलची शाळा बघून घरं घेतली. शेवटी 2023 मध्ये तो काढून टाकून दुसरी पद्धत आणावी लागली. इंग्लंडमध्ये ऑफस्टेड या शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचे तपासनीस अख्ख्या शाळेला एका शब्दाचा शेरा देत. सरकारी शाळांसाठी तोही सप्टेंबर 2024 पासून बंद झाला. ज्यांनी असे आकडे आणि शेरे काढले तेच ते मागे घेतायत, आणि आपण इथे त्रिमूर्तीनगरात बसून त्यांच्या भरवशावर आयुष्यातलं एवढं मोठं घर ठरवायचं?

दुसरी भीती प्रवेशाची. "ॲडमिशन मिळेल ना?" हा प्रश्न आपल्या अंगात इतका मुरलाय की तिकडे जातानाही तोच पोटात गोळा आणतो. व्हिक्टोरिया राज्यात, म्हणजे मेलबर्न जिथे आहे तिथे, प्रत्येक पत्त्याला एक सरकारी शाळा नेमून दिलेली आहे. 'फाइंड माय स्कूल' वर पत्ता टाका, शाळेचं नाव येतं. तुम्ही खरोखर त्या शाळेच्या झोनमध्ये, म्हणजे तिला नेमून दिलेल्या हद्दीत, राहत असाल तर त्या शाळेत तुमच्या मुलाची जागा पक्की. आरटीईचा फॉर्म भरताना घरापासून शाळेचं अंतर मोजून थकलेल्या नागपूरच्या आईबापांना हे ऐकून खरं वाटत नाही, पण तसंच आहे. डोनेशन नाही, आईबाबांची मुलाखत नाही. भाडेकरार लागतो, आणि अडचण नेमकी तिथेच येते, कारण नव्याने आलेल्या माणसाकडे तिथला आधीच्या घरमालकाचा दाखला नसतो. घर मिळायला वेळ लागतो. तोवर मूल तात्पुरत्या जागेत बसून असतं. त्यासाठी पैसे आणि धीर दोन्ही हाताशी ठेवा.

आता सबर्बबद्दल, म्हणजे उपनगराबद्दल, कारण खरा कस तिथे लागतो.

ग्लेन वेव्हर्ली, बॉलविन, मॅकिनन या भागांतल्या सरकारी हायस्कुलांचा एवढा बोलबाला आहे की घराच्या जाहिरातीत खोल्यांच्या आधी शाळेच्या झोनचं नाव येतं. भाडं तिथे आठवड्याच्या हिशेबाने भरायचं असतं, आणि झोनच्या आतला नि बाहेरचा फरक महिन्याला चांगलाच जाणवतो. माझ्या ओळखीचं एक जोडपं मनीषनगरातून असंच एका नावाजलेल्या झोनमध्ये गेलं. मुलगा तेव्हा दुसरीत. म्हणजे ज्या हायस्कूलसाठी हा खर्च मांडला ते यायला पाच वर्षं होती! भाडं भागवायला बाबा नोकरीनंतर रात्री टॅक्सी चालवायचे, आई शनिवार-रविवार दुकानात उभी. शाळा छान होती, खरंच छान होती. पण संध्याकाळी त्या पोराशी बोलायला घरात कोणी नसायचं. ते आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

दुसरं टोक म्हणजे टार्नीट, ट्रुगानिना, क्लाइड नॉर्थ. नवी घरं, मोठं अंगण, आजूबाजूला आपली माणसं. 2021 च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात भारतात जन्मलेले 6 लाख 73 हजार लोक निघाले. खुद्द ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड सोडले तर इतके लोक दुसऱ्या कुठल्याच देशात जन्मलेले नव्हते. त्यातले बरेच जण अशाच नव्या वस्त्यांत आहेत. गणपतीला दहा घरी आरती होते, कढीपत्ता कोणाच्याही अंगणातून मागून आणता येतो. पहिल्या वर्षी याचा आधार फार मोठा असतो, आणि "परदेशात जाऊन पुन्हा भारतीयांतच राहायचं का?" असं नाक मुरडणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. पण अंतर बघा. टार्नीट ते मेलबर्नचं मधलं शहर साधारण 25 किलोमीटर, आपलं बर्डीहून बुटीबोरी धरा. टार्नीटचं स्टेशन 2015 मध्ये झालं. तिथल्या गाड्या जिलाँगकडून येतात, म्हणून सकाळी त्या भरूनच येतात. क्लाइड नॉर्थ तर शहरापासून जवळपास 50 किलोमीटर. दोघं नोकरीला असतील आणि कामाची जागा शहरात असेल, तर सकाळी सातला घर सोडायचं. शाळा उघडते नऊच्या सुमारास, सुटते साडेतीनच्या आसपास.

तेव्हा माझा पहिला प्रश्न असा असतो: साडेतीनला मुलाला घ्यायला फाटकाशी कोण उभं असेल?

आपल्याकडे व्हॅनवाले काका असतात, आजी-आजोबा असतात, खालच्या मजल्यावरच्या काकू असतात. तिकडे यातलं कोणीच नसतं. शाळेला जोडून पाळणाघरासारखी सोय असते, पण तिचे पैसे वेगळे, आणि कायमचा व्हिसा नसेल तर सरकारची सवलत बहुधा मिळत नाही. हा खर्च आणि ही धावपळ भाड्याच्या हिशेबात धरली, की दूरचं 'स्वस्त' घर कितीदा महागच पडतं.

म्हणून माझं म्हणणं असं: मूल प्राथमिक शाळेत असेल तर पहिली एक-दोन वर्षं भाड्यानेच राहा, आणि घर असं घ्या जिथून शाळेत चालत जाता येईल. शाळा साधी असली तरी चालेल. घर लहान असलं तरी चालेल, अगदी दोन खोल्यांचं युनिटसुद्धा. शाळा झोनची असल्यामुळे वर्गातली पोरं आसपासच्या गल्ल्यांतच राहतात. शाळा सुटल्यावर ती त्याच बागेत खेळतात. आपल्याकडे बेसा-घोगलीचं मूल व्हॅनमधून धरमपेठेत शिकायला जातं आणि त्याचा जिवलग मित्र राहतो जरीपटक्यात. त्यांची भेट फक्त वर्गात. तिकडे चालत शाळेत जाणाऱ्या मुलाला मैत्री शाळेबाहेर मिळते, आणि नव्या देशात आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी बाकी सगळ्याआधी मित्र हवा असतो.

आणि आई. याबद्दल कोणी बोलत नाही. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली, इथली चांगली नोकरी सोडलेली बाई त्या दूरच्या मोठ्या घरात दिवसभर एकटी असते. गाडी एकच, ती नवरा घेऊन गेलेला. बस तासाला एक. वहिनीने सुरुवातीचे महिने कसे काढले ते मी तिच्या तोंडून ऐकलंय. तिला तारलं ते शाळेच्या फाटकाने. तिथे रोज दहा मिनिटं उभं राहून तिची एका श्रीलंकन आणि एका इटालियन आजीशी ओळख झाली. पुढे वाचनालय कळलं, इंग्रजी संभाषणाचा मोफत वर्ग कळला, आणि त्यातूनच पहिलं कामही मिळालं. शाळा, स्टेशन, वाचनालय आणि भाजीचं दुकान पायी गाठता येईल असं घर म्हणजे त्या बाईचं स्वातंत्र्य आहे. घर ठरवताना तिचं मत शेवटी विचारू नका.

शाळा बघायची कशी, तर 'माय स्कूल' वरचे दोन आकडे मी आवर्जून बघायला सांगते. एक, हजेरी. दुसरा, घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांचं प्रमाण. हे प्रमाण बऱ्यापैकी असेल तर नवं मूल आलं की काय करायचं हे त्या शाळेला माहीत असतं. मग फोन करून वेळ घ्या आणि जाऊन बघा. मधल्या सुट्टीत जा. एकटं उभं असलेल्या मुलाकडे मैदानावरच्या शिक्षकाचं लक्ष जातंय का, ते बघा.

आपली इंग्रजी माध्यमातली मुलंही तिकडे सुरुवातीला गप्प होतात, हे मी मुद्दाम सांगते. वाचता-लिहिता सगळं येतं, पण तिथले उच्चार आणि पोरांच्या बोलण्याचा वेग कानाला नवा असतो. काही मुलं आठवडे, काही महिने बोलत नाहीत. घरी येऊन मात्र मराठी-हिंदीत भडाभडा बोलतात. घाबरू नका आणि घरातली मराठी तर मुळीच बंद करू नका. इंग्रजी अगदीच कच्चं असेल तर मेलबर्नमध्ये नवागत मुलांसाठी सरकारी इंग्रजी भाषा शाळा आहेत. तिथे काही महिने शिकून मग नेहमीच्या शाळेत जाता येतं. त्यात कमीपणा मानू नये.

डब्याचंही सांगते, कारण पहिल्याच आठवड्यात ते आडवं येतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं असतात म्हणून बऱ्याच शाळा दाणे आणू नका म्हणून विनंती करतात. आपल्या वऱ्हाडी घरात दाण्याची चटणी आणि कूट घातलेली उसळ डब्यातून काढायची म्हणजे निम्मा स्वयंपाक बदलला! जायच्या आधीपासूनच दुसऱ्या डब्याची सवय लावा. आणि उन्हाळ्यात टोपी. टोपी नसेल तर मुलाला मैदानात खेळू देत नाहीत, सावलीत बसवतात. आपल्या 45 डिग्रीत दुपट्टा बांधून फिरणाऱ्या पोट्ट्यांना हे कळायला वेळ लागत नाही.

आता वयाचं, कारण इथे मी जरा कडक आहे. नववीत किंवा दहावीच्या मध्यात असलेल्या मुलाला उचलून नेऊ नका. शक्य असेल तर दहावीची परीक्षा होऊ द्या. ऑस्ट्रेलियाचं शालेय वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होतं आणि डिसेंबरमध्ये संपतं. मार्चमध्ये दहावी देऊन जुलैत पोहोचलेलं मूल तिथल्या दहावीच्या उत्तरार्धात बसतं. जानेवारीत अकरावी सुरू होईपर्यंत त्याला श्वास घ्यायला पाच-सहा महिने मिळतात. विद्यापीठाच्या प्रवेशाची खरी झुंज अकरावी-बारावीत आहे. तिथे विमानातून उतरल्या उतरल्या मुलाला ढकलणं मला निर्दय वाटतं. लहान मुलांना ते वयावरून वर्गात बसवतात. "आमचा हुशार आहे, एक वर्ग वरचा द्या" असा हट्ट धरू नका. मैत्री वयाच्या बरोबरीच्यांशी होते.

हुशार मुलांच्या आईबाबांना एक जास्तीचं. व्हिक्टोरियात परीक्षेने प्रवेश देणाऱ्या चार सरकारी शाळा आहेत: मेलबर्न हाय, मॅकरॉबर्टसन गर्ल्स, नॉसल आणि सुझन कोरी. प्रवेश नववीला, परीक्षा आठवीत, आणि झोनची अट नाही. कुठल्याही सबर्बमधून अर्ज करता येतो. तेव्हा मूल तिसरी-चौथीत असताना महागड्या झोनसाठी जीव काढायची गरज उरत नाही. मात्र सहावीत पोहोचलेल्या पोराला पहिल्याच वर्षी त्या परीक्षेच्या क्लासला घालू नका. रामदासपेठेतले क्लास सुटले म्हणून तिकडचे सुरू करायचे, तर मग गेलो कशाला?

सिडनीकडे, म्हणजे न्यू साउथ वेल्समध्ये जाणाऱ्यांनी व्हिसाचा प्रकार आधी तपासावा. तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर तिथे सरकारी शाळेतही वर्षाला काही हजार डॉलर फी लागू शकते. दोन मुलं असतील तर पगाराची बोलणी करतानाच हे कंपनीपुढे मांडा.

कागदपत्रांसाठी मे महिन्याची वाट बघू नका, ऑफिस तेव्हा पूर्ण वेळ उघडं नसतं. शाळा सोडल्याचा दाखला, दोन वर्षांच्या गुणपत्रिका आणि लसीकरणाचं कार्ड एकत्र ठेवा. आपल्या सरकारी दवाखान्यातल्या कार्डावर कांजिण्यांची लस नसते, तिथे ती दीड वर्षाच्या मुलाला देतात. त्यामुळे तिथला डॉक्टर नोंदी बघून काय राहिलंय ते सांगेल. आणि वर्गशिक्षकांकडून एक पानाचं इंग्रजी पत्र मागून घ्या. मार्क गुणपत्रिकेत असतातच, पत्रात मूल काय आवडीने वाचतं, कशाला घाबरतं आणि नव्या मुलांत मिसळायला त्याला किती वेळ लागतो, ते लिहायला सांगा. माझ्या वर्गातल्या मुलांसाठी मी ते लिहून देते, परीक्षा संपायच्या आत सांगितलंत तर.