अडुळशाला केमिकल म्हणायचं की नाही?

थंडी पडली की आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदाही आला: "ब्रॉन्कायटिस असो की कफ, अडुळशाचा काढा तीन दिवस घ्या, मुळासकट जातो. केमिकलच्या औषधांनी कफ आतच सुकतो. झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो." खाली अंगठ्यांची रांग.

आधी केमिकलचं बघू. जळगावकडे बांधाला अडुळसा दिसतो. शेळी त्याला तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाला बरा. त्या कडू पानात व्हॅसिसिन नावाचं रसायन असतं. त्याच्यावरूनच बेतून प्रयोगशाळेत ब्रोमहेक्झिन तयार झालं, आणि ब्रोमहेक्झिनचं शरीरात जे होतं ते अँब्रॉक्सॉल. मेडिकलमधल्या कितीतरी कफ सिरपवर यातलं एक नाव छापलेलं सापडेल. ही औषधं कफ सुकवत नाहीत, पातळ करतात. म्हणजे शिव्या खातोय तो अडुळशाचाच नातू! फरक इतकाच की बाटलीवर मिलिग्रॅम लिहिलेले असतात. काढ्यात "मूठभर पानं" म्हणजे कोणाची मूठ, देव जाणे.

आता तीन दिवस. अचानक होणारा ब्रॉन्कायटिस, म्हणजे श्वासनलिकांची सूज, बहुतेक वेळा विषाणूंचा असतो आणि खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. पंधराव्या दिवशी काढा घेतला, अठराव्या दिवशी खोकला थांबला, की श्रेय काढ्याला. पण हाच हिशेब अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या पाकिटालाही लावा. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, तरी लोक चिठ्ठीशिवाय ते मागतात आणि मिळतंही. काढ्यापेक्षा मला याचीच चीड जास्त. युरोपात आयव्ही या वेलीच्या पानांचा अर्क, पेलार्गोनियम या झाडाचं मूळ यांची खोकल्याच्या रुग्णांवर चाचणी झाली आहे. थोडा आराम दिसला, पण पुरावा अजून कच्चाच.

साइड इफेक्टचं म्हणाल, तर आमच्या शेजारच्या काकू घसा बसला म्हणून दिवसभर जेष्ठमध चघळायच्या. बीपीची गोळी चालू, तरी बीपी उतरेना. "झाडपालानं काही व्हस नही," हेच त्यांचं पालुपद. जेष्ठमधानं बीपी वाढतं, पोटॅशियम घटतं. अडुळसा गरोदरपणी नको. मध वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको.

खरी गोष्ट मेसेजात नाहीच. धाप लागली, थुंकीत रक्त दिसलं, ताप हटेना, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर बहुधा साधाच निघेल, तरी सरकारी दवाखान्यात बेडका द्या. टीबीची तपासणी तिथे फुकट होते.