अतिरिक्त म्हणजे बडतर्फ नव्हे

बीड-परभणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद, गुरुजी घरी.’ हे खरे नाही. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षकपदे द्यायची त्या मंजुरीचे, निकष बदलले. सहावी ते आठवीचा पट २० पेक्षा कमी असेल तर तिथे शिक्षकपद मंजूर होणार नाही, असे त्यात ठरले. पद गेले की गुरुजी अतिरिक्त ठरतात. त्यांना बडतर्फ करत नाहीत, दुसऱ्या शाळेत समायोजन होते.

पण म्हणून ‘काहीच बिघडले नाही’ हे सत्ताधारी समर्थकांचे उत्तरही मला मान्य नाही. माणूस टिकतो, पद जाते. डीएड, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) करून भरतीची वाट बघणाऱ्या पोरापोरींची एक जागा कमी होते. त्यात पट मोजताना आधार कार्डाशी नोंद जुळलेलीच मुले धरतात. नावातल्या एका वेलांटीपायी रोज वर्गात बसणारे लेकरू हिशेबाबाहेर राहते! शिक्षण हक्क कायदा, २००९ मात्र सहावी ते आठवीच्या प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक सांगतो. आमदारांना जाब विचारायचा तो यावर. मेसेज पुढे ढकलण्याआधी मुख्याध्यापकांकडून शाळेची संचमान्यता मागून वाचा.