निळ्या ज्योतीचा खोटा निर्वाळा

माहीमच्या मावशीने परवा फोनवर मोठ्या समाधानाने सांगितले की भर पावसात स्वयंपाकघराची खिडकी उघडण्याची कटकट आता संपली. कारण विचारले, तेव्हा तिने सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा संदेश मला पाठवला. त्यात म्हटले आहे की पाइपचा गॅस निळ्या ज्योतीने जळत असेल तर विषारी काही निघतच नाही. धोका असलाच तर वास येतो. शंका वाटल्यास बोटाला ऑक्सिमीटर लावावा, आकडा ९५च्या वर असेल तर निर्धास्त राहावे. आणि चिमणी असली की खिडकी बंद ठेवली तरी चालते.

पहिल्या दाव्यात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. निळी ज्योत पिवळ्या ज्योतीपेक्षा नक्कीच बरी, आणि रॉकेलच्या स्टोव्हपेक्षा गॅस कितीतरी स्वच्छ. पण ज्योतीच्या उष्णतेने हवेतल्याच नायट्रोजनपासून नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो आणि दम्याच्या रुग्णांना तो त्रास देतो.

वासाबद्दल एवढेच सांगतो की तो वास न जळलेल्या गॅसचा असतो, कारण गळती कळावी म्हणून त्यात गंधद्रव्य मुद्दाम मिसळतात. अर्धवट जळण्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही आणि रंगही नाही.

ऑक्सिमीटरचा सल्ला मात्र जीवघेणा आहे. हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा २००हून अधिक पट ओढीने कार्बन मोनॉक्साइडला धरून ठेवते आणि बोटाला लावायचे साधे यंत्र या विषारी जोडीला ऑक्सिजनच समजते, त्यामुळे माणूस आतून गुदमरत असताना पडद्यावर ९८ दिसू शकते. खरे निदान रक्तातील ही जोडी, म्हणजे कार्बोक्सीहिमोग्लोबिन, मोजूनच होते. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे या विषबाधेच्या लक्षणांना आपण पित्त म्हणून मोकळे होतो; पण घरातल्या सगळ्यांना एकदमच पित्त कसे होईल, आणि जिना उतरून मोकळ्या हवेत गेल्यावर ते उतरेल कसे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली घरातील हवेसाठी या वायूची जी मर्यादा सांगितली, ती तासाभरासाठी घनमीटरला ३५ मिलिग्रॅम आणि चोवीस तासांसाठी अवघी ७ मिलिग्रॅम आहे.

राहिली चिमणी. रविवारी स्टुलावर चढून पाहिले, तर मावशीच्या चिमणीचा पाइप माळ्यावर पितळी डब्यांच्या मागे संपलेला होता आणि सिंकवरच्या गॅस गीझरला धूर बाहेर नेणारा पाइपच नव्हता. बसवणाऱ्याने पैसे मात्र पूर्ण घेतले होते. बिनपाइपची कोळशाच्या फिल्टरची चिमणी तेलकटपणा आणि वास अडवते, कार्बन मोनॉक्साइड नाही. शिवाय चिमणीचा आणि गीझरचा पाइप नीट घराबाहेर नेला तरी, खिडक्या बंद ठेवून चिमणी जोरात चालवल्यास बाहेर फेकलेल्या हवेची जागा भरायला गीझरच्या पाइपातून धूर उलटा आत ओढला जाऊ शकतो.

गीझरला पाइप बसेपर्यंत तो बंद आहे. खिडकी चार बोटे उघडी असते आणि तिच्याखाली मावशीने कुरकुरतच जुने धोतर अंथरले आहे.