अ‍ॅस्क्विथ झेवियर यांना युस्टनची जागा कायद्याने मिळवून दिली नव्हती

लंडनच्या युस्टन स्थानकावरील गार्ड अ‍ॅस्क्विथ झेवियर यांच्याविषयीचा एक मजकूर वारंवार फिरत असतो. त्याचा आशय थोडक्यात असा: झेवियर हे ब्रिटिश रेल्वेतील पहिले कृष्णवर्णीय गार्ड होते, ब्रिटनच्या सार्वजनिक सेवेत वर्णभेदाचा नियम असा कधी नव्हताच, होते ते काही गोऱ्या कर्मचाऱ्यांचे वैयक्तिक पूर्वग्रह, १९६५च्या वंशसंबंध कायद्याने तेही मोडून काढले, आणि झेवियर यांनी कसलाही गाजावाजा न करता, निव्वळ गुणवत्तेच्या बळावर ती जागा मिळवली. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू बहुधा त्यांचा गौरव करण्याचाच असतो, याविषयी मला शंका नाही. परंतु यातले एकही विधान जसेच्या तसे खरे नाही आणि या सगळ्या चुका एकाच दिशेच्या आहेत: झेवियर यांच्यावर झालेला अन्याय त्या लहान करून दाखवतात.

पहिले विधान ‘पहिले गार्ड’ हे. कॅरिबियनमधील डॉमिनिका बेटावरून आलेले झेवियर ब्रिटिश रेल्वेत हमाल म्हणून लागले आणि पायरीपायरीने वर चढत मेरिलबोन स्थानकावर गार्ड झाले. युस्टनला अर्ज करण्यापूर्वीच ते गार्ड होते, ही या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. गार्डचे काम (आपल्याकडे २०२२पासून या पदाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात) शिटी वाजवून हिरवा झेंडा दाखवण्यापुरते कधीच नव्हते. गाडीच्या वेळांची नोंद ठेवणे, ब्रेक आणि मागचा दिवा तपासणे, गाडी मध्येच थांबली तर मागे चालत जाऊन रुळांवर डिटोनेटर (चाकाखाली येताच मोठा आवाज करणारे इशाऱ्याचे फटाके) लावणे आणि पाठीमागून येणाऱ्या गाडीला सावध करणे, या सगळ्याची जबाबदारी त्याच्यावर असते. मेरिलबोनवर ही जबाबदारी झेवियर यांच्या हाती निर्धास्तपणे सोपवली गेली होती. पायी अर्ध्या तासावर असलेल्या युस्टनला मात्र तेच हात चालेनात. ‘पहिले’ म्हणायचेच असेल तर ते युस्टनवरचे पहिले कृष्णवर्णीय गार्ड होते, असे म्हणावे. हा फरक शब्दच्छलाचा नाही, कारण त्यांच्याआधी कोणी पात्रच नव्हते, असा समज ‘रेल्वेतील पहिले’ या शब्दांतून नकळत पसरतो.

दुसरे विधान, म्हणजे नियम नव्हता, फक्त पूर्वग्रह होते, हे मला सर्वांत जास्त खटकते. छापील नियमपुस्तकात वर्णबंदी नव्हती, एवढेच काय ते खरे. युस्टनवर गार्ड, तिकीट तपासनीस यांसारख्या, प्रवाशांशी थेट संबंध येणाऱ्या जागांवर कृष्णवर्णीयांना घ्यायचे नाही, असा स्थानिक कर्मचारी समितीचा पवित्रा होता आणि व्यवस्थापन त्याप्रमाणे वागत होते. झाडलोट आणि अंगमेहनतीच्या कामांना मात्र त्यांना मज्जाव नव्हता. मेरिलबोनवरील कामे कमी होऊ लागली, तेव्हा १९६६ साली झेवियर यांनी युस्टनवरील जास्त पगाराच्या जागेसाठी अर्ज केला. तो नाकारण्यात आला आणि त्यामागचे कारण त्यांचा वर्ण हेच असल्याचे त्यांना कळवण्यात आले. जी बंदी सर्वांना ठाऊक आहे, वर्षानुवर्षे पाळली जाते आणि अर्जदाराला कारण म्हणून सांगताही येते, तिला नियमच म्हणावे लागते. ती चार माणसांच्या मनातली अढी नव्हती.

हे एकट्या युस्टनचेही नव्हते. ब्रिस्टल शहरातील बस कंपनी सरकारी मालकीची होती आणि तेथील कामगार संघटनेच्या शाखेने १९५५मध्येच कृष्णवर्णीयांना ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेऊ नये, असा ठराव केला होता. १९६३ साली गाय बेली या तरुणाची मुलाखत ठरली होती. तो वेस्ट इंडियन असल्याचे समजताच ती रद्द झाली. त्यानंतर पॉल स्टीफन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवर बहिष्कार पुकारला. कंपनीने २८ ऑगस्टला माघार घेतली आणि सप्टेंबरात रघबीर सिंग हे तेथील पहिले गौरेतर कंडक्टर झाले. तो मार्ग एका भारतीयाला मिळाला, पण तो कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांच्या लढ्याने मोकळा केला होता, हे आपण विसरू नये.

कायद्याविषयीचे विधान तर तारखा पाहिल्या तरी टिकत नाही. १९६५चा कायदा हॉटेले, चित्रपटगृहे, सार्वजनिक वाहने अशा ठिकाणच्या भेदभावापुरता होता. नोकरी आणि घरे त्याच्या कक्षेबाहेर होती. परिणामी झेवियर यांना प्रवासी म्हणून युस्टनच्या गाडीत बसू देण्यास त्यांच्या वर्णामुळे नकार दिला असता तर तो बेकायदा ठरला असता, आणि त्याच गाडीच्या गार्डची जागा त्यांच्या वर्णामुळेच नाकारणे मात्र बेकायदा नव्हते. नोकरीतील भेदभाव कायद्याच्या कक्षेत आला तो १९६८मध्ये, म्हणजे झेवियर युस्टनवर रुजू झाल्यानंतर दोन वर्षांनी. त्यांच्या प्रकरणाने नोकरीसाठीच्या कायद्याची गरज देशापुढे उघडी पाडली. कायद्यामुळे ते प्रकरण सुटले, हा क्रम उलटा आहे.

‘गाजावाजा न करता’ याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. रेल्वे कामगार संघटनेच्या मेरिलबोन शाखेचे चिटणीस जिमी प्रेंडरगास्ट यांनी हे प्रकरण उचलून धरले, ते वर्तमानपत्रांत गेले, संसदेत पोहोचले आणि वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांना त्यात लक्ष घालावे लागले. बंदी पाळणारी समिती आणि प्रेंडरगास्ट एकाच संघटनेतले होते; तेव्हा ‘संघटना वर्णद्वेषी होती’ किंवा ‘संघटनेने न्याय दिला’ असे सरसकट म्हणणेही बरोबर नाही. १५ जुलै १९६६ रोजी ब्रिटिश रेल्वेने युस्टनवरील बंदी उठवल्याचे जाहीर केले आणि १५ ऑगस्टला, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, झेवियर तेथे रुजू झाले.

त्या मजकुराची गोष्ट येथे संपते, झेवियर यांची संपत नाही. त्यांना द्वेषाने भरलेली पत्रे आली, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि कामावर जाता-येता पोलिसांचे संरक्षण घ्यावे लागले. ज्या कामासाठी ते मेरिलबोनला रोज एकटे जात होते, त्याच कामासाठी युस्टनला त्यांच्यासोबत पोलीस असत. १९८० साली त्यांचे निधन झाले. युस्टन स्थानकात त्यांच्या नावाचा फलक बसवला गेला तो २०१६मध्ये.