ताज उलटा बांधलेला नाही आणि कुणी उडीही मारलेली नाही

‘मुंबईचा लपवलेला इतिहास – दहा दुर्मीळ फोटो’ हे ढकलपत्र दर दोन-तीन महिन्यांनी परत येतं. खाली ‘आपल्या मुलांना नक्की दाखवा’ अशी सूचना असते. ती कुणी तरी मनावर घेतली आणि त्यातला ताज हॉटेलचा मजकूर भाचीच्या ‘माझं शहर’ प्रकल्पात रंगीत प्रिंटसह चिकटवला गेला. बाईंनी वर ‘छान माहिती’ असा शेरा दिलाय. तेव्हा एकदा काय ते लिहून टाकतो.

ताजबद्दल ढकलपत्र म्हणतं: इंग्रज आर्किटेक्ट नकाशे देऊन विलायतेला गेला, परत आला तर हॉटेल उलटं बांधलेलं, तोंड शहराकडे आणि पाठ समुद्राकडे. धक्का सहन न होऊन त्याने पाचव्या मजल्यावरून उडी मारली.

पहिली गोष्ट, आर्किटेक्ट इंग्रज नव्हता. ताजचे मूळ आराखडे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे. वैद्य हे फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या हाताखाली तयार झालेले, म्हणजे ज्याने व्हीटी (आजचं सीएसएमटी) बांधलं त्याच्या. 1900 साली, काम चालू असतानाच, वैद्य वारले. आजाराने. पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्सने हाती घेतलं आणि घुमटाच्या रचनेत बदल केले. 16 डिसेंबर 1903 रोजी हॉटेल उघडलं आणि चेंबर्स त्यानंतरही मुंबईत व्यवसाय करत होता. आता उडी मारायला उरलं कोण? एक आधीच गेलेला, दुसरा जिवंत. गोष्टीला एक मेलेला साहेब हवा होता, म्हणून तो घातला. त्या भरात एका मराठी वास्तुतज्ज्ञाचं नाव पुसलं गेलं आणि ते आपणच, मराठीतून, ‘अभिमानाने शेअर करा’ म्हणत पुसतोय. सगळ्या ढकलपत्रातला हा भाग मला सर्वांत जास्त झोंबला.

दुसरी गोष्ट, ‘उलटं’ म्हणजे काय? ताजचा जुना भाग इंग्रजी यू अक्षरासारखा आहे. मधली लांब बाजू पूर्वेला, बंदराला समांतर. दोन पाखं शहराकडे, म्हणजे पश्चिमेला. गाड्या-घोडे शहराकडून येत, म्हणून पोर्च त्या दोन पाखांच्या मधल्या चौकात. त्या चौकात पुढे पोहण्याचा तलाव झाला आणि दार समुद्राकडे गेलं. म्हणून आज बघणाऱ्याला वाटतं की हीच पुढची बाजू आणि मागे काहीतरी चुकलंय. हॉटेलचा हिशेब साधा असतो: बंदर दिसणाऱ्या खोलीचं भाडं जास्त, पोर्चचं भाडं शून्य. मग सगळ्यात चांगली बाजू पोर्चला कोण देईल? शिवाय तेव्हा एसी नव्हते. पश्चिमेला उघडा असलेला चौक दुपारचा वारा आत घेतो आणि बंदराकडच्या खोल्यांना सकाळचं ऊन लागून दुपारचं टळतं. ढकलपत्राला वाटतं हॉटेलचं तोंड गेटवेकडे हवं होतं. 1903 मध्ये गेटवे होताच कुठे?

आणि पाच वर्षं चाललेल्या बांधकामात पाया कुठल्या दिशेला खणलाय हे कुणालाच कळलं नाही? जमशेटजी टाटा त्याच गावात राहत होते.

ही गोष्ट मुळात मुंबईची नाहीच. ग्लासगोच्या केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयाबद्दल हुबेहूब हेच सांगतात: इमारत उलटी बांधली गेली, वास्तुविशारदाने मनोऱ्यावरून उडी घेतली. ते संग्रहालय 1901 साली उघडलं. त्याचा एक वास्तुविशारद जॉन सिम्पसन 1933 पर्यंत जगला.

व्हीटीचे नकाशे मेलबर्नला गेले आणि तिथले इथे आले, हाही त्याच जातीचा मुद्दा. व्हीटी 1888 साली पुरं झालं. मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनाची आराखडा स्पर्धा झाली 1899 साली. अदलाबदल व्हायला निदान दोन्ही नकाशे एकाच वेळी अस्तित्वात लागतात.

वॉटसन हॉटेलात जमशेटजींना ‘नेटिव्ह’ म्हणून अडवलं आणि त्या अपमानातून ताज उभं राहिलं, या मुद्द्यावर मात्र थोडं मागे यावं लागेल. वॉटसन फक्त युरोपीय लोकांसाठी होतं, हे खरं. त्या काळात असा अपमान होणं अगदी शक्य होतं, हेही खरं. पण जमशेटजींच्या बाबतीत तो प्रसंग घडल्याचा त्या काळातला पुरावा कुणी पुढे आणलेला नाही. उलट त्यांचे स्नेही आणि टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांचं म्हणणं असं की हॉटेलाचा विचार त्यांच्या डोक्यात बरीच वर्षं होता आणि लोकांनी या शहरात यावं हा हेतू होता. अर्धं सत्य म्हणून हा मुद्दा सोडून देतो.

त्याच वॉटसनमध्ये ‘ल्युमिए बंधूंनी स्वतः येऊन’ सिनेमा दाखवला, हे चूक. 7 जुलै 1896 चा खेळ खरा, एक रुपया तिकीट खरं, पण खेळ केला त्यांच्या मारियुस सेस्टिए नावाच्या माणसाने. तो पुढे ऑस्ट्रेलियाला गेला. ‘गेटवेतून आत येणारे पंचम जॉर्ज, 1911’ हाही फोटो तसलाच. राजा 2 डिसेंबर 1911 रोजी अपोलो बंदरावर उतरला तेव्हा तिथे तात्पुरता मंडप होता. जॉर्ज विटेटचा आराखडा मंजूर झाला 1914 मध्ये आणि गेटवेचं उद्घाटन झालं 4 डिसेंबर 1924 रोजी. आणि ‘पहिली आगगाडी व्हीटीवरून सुटताना, 1853’? व्हीटीचं बांधकामच 1878 मध्ये सुरू झालं. 16 एप्रिल 1853 ची ती चौदा डब्यांची गाडी बोरीबंदरच्या साध्या स्टेशनातून ठाण्याला गेली.

आता रिकाम्या रस्त्यांचा फोटो. मजकूर: ‘बघा, तेव्हा गर्दी नव्हती, लोक शिस्तीचे होते.’ 1864 च्या गणनेत मुंबईची लोकसंख्या 8,16,562 होती आणि ती बहुतेक सगळी बेटाच्या दक्षिण भागात कोंबलेली. मग माणसं गेली कुठे? ती फोटोत उमटलीच नाहीत. 1880 च्या आधीचे बहुतेक फोटो ओल्या कोलोडियनच्या काचेवर घेतलेले. काचेला रसायन लावायचं, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि झाकण काही सेकंद काढून ठेवायचं. तेवढ्या वेळात चालत गेलेला माणूस काचेवर थांबत नाही. असा फोटो मोठा करून रस्त्याची पातळी बघा: धुरकट पट्टे दिसतील, धड नसलेले पाय दिसतील, मान हलवणाऱ्या घोड्याचं डोकं गायब असेल. ठसठशीत दिसतात ते उभे टांगे, भिंतीला टेकून बसलेले लोक, झोपलेले हमाल. 1880 नंतर कोरड्या काचा आल्या, वेळ सेकंदाच्या अंशावर आला आणि फोटोंत एकदम ‘गर्दी झाली’.

एक अपवाद आहे आणि तो जास्त वाईट आहे. 1896-97 च्या काही फोटोंत रस्ते खरोखरच ओस आहेत. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या महिन्यांत लोक शहर सोडून पळाले. 1891 ची लोकसंख्या 8,21,764, दहा वर्षांनी 7,76,006. त्याला शिस्त म्हणणाऱ्याने निदान तारीख तरी बघावी.

‘काळबादेवी, 1890’ असं लिहिलेल्या फोटोत दुमजली ट्राम आहे. इथे बेस्टने स्वतः छापलेला इतिहास पुरतो. मुंबईच्या रस्त्यांच्या निम्म्या फोटोंचा निकाल एवढ्यावर लागतो. घोड्याची ट्राम 9 मे 1874 ला सुरू झाली. विजेची 7 मे 1907 ला. दुमजली ट्राम सप्टेंबर 1920 ला. बस 15 जुलै 1926 ला, दुमजली बस 1937 ला. शेवटची ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदर ते दादर. म्हणजे रस्त्यात रूळ असले तर 1874 नंतरचा फोटो, रुळांवर तार आणि ट्रामच्या टपावर दांडा असला तर 1907 नंतरचा. नुसते रूळ बघून 1907 ठरवू नका, घोड्याच्या ट्रामलाही रूळ होतेच. शिवाय 1964 नंतरही बरीच वर्षं रूळ डांबराखालून डोकावत होते, म्हणून ‘रूळ आहे म्हणजे ट्राम चालू आहे’ हेही चालत नाही.

अपोलो बंदर आणि काळा घोडा यांच्यासाठी वेगळ्या खुणा आहेत. गेटवे नसेल तर 1924 च्या आधीचा. शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा असेल तर 26 जानेवारी 1961 नंतरचा. ताजशेजारी उंच टॉवर असेल तर 1970 च्या दशकातला किंवा पुढचा. काळा घोडा चौकातल्या घोड्याच्या पुतळ्यावर स्वार असेल तर 1879 ते 1965 मधला. आता तिथे आहे तो स्वाराविना घोडा 2017 चा. आणि समुद्रातून काढलेल्या फोटोत जुना ताज डावीकडे, टॉवर उजवीकडे हवा. उलट दिसलं तर हॉटेल उलटं नाही, फोटो उलटा छापलाय. घड्याळाचे आकडे किंवा दुकानाची पाटी बघितली की लगेच कळतं.

पाटी वाचताना एक काळजी घ्या. ढकलपत्रातले फोटो हल्ली एआयने ‘स्वच्छ’ केलेले असतात. अशा फोटोत पाटीवरची अक्षरं कुठल्याच लिपीतली नसतात, चेहरे गुळगुळीत होतात आणि ट्रामच्या खिडक्यांची संख्या बदलते. रंग तर निव्वळ अंदाज असतो. म्हणून आधी खालची मजकुराची पट्टी कापा, मग उरलेल्या चित्राचा उलट शोध घ्या (म्हणजे शब्दांऐवजी चित्रच टाकून इंटरनेटवर शोधा) आणि निकालांत सर्वांत जुनी व सर्वांत मोठी प्रत उघडा. ती बहुधा ग्रंथालयाच्या किंवा संग्रहालयाच्या नोंदीपाशी नेते आणि तिथे छायाचित्रकार व काळ दिलेला असतो. पोस्टकार्ड असेल तर टपालाचा शिक्का म्हणजे फोटोची तारीख नव्हे. छापणारे तेच चित्र वर्षानुवर्षं वापरत. शिक्का एवढंच सांगतो की फोटो त्यानंतरचा नाही.

राहिला नववा फोटो, ‘साठच्या दशकातली रात्रीची मुंबई’. ही 2015 सालच्या ‘बॉम्बे वेल्वेट’ या सिनेमातली चौकट आहे. त्यातली मुंबई श्रीलंकेत सेट लावून उभी केली होती. ओळखायला अवघड नाही: रुंदी उंचीच्या सव्वादोन पटीहून जास्त. त्या काळातल्या वर्तमानपत्री फोटोग्राफरांचे कॅमेरे चौरस किंवा दीडास एक अशी चौकट देत. खऱ्या जुन्या सिनेमांतून शहर शोधायचं तर तिथेही सापळा असतो. मोटारीतल्या दृश्यांत मागचा रस्ता बहुतेक वेळा स्टुडिओत पडद्यावर टाकलेला असे. तो रस्ता आधी कधीतरी चित्रित केलेला, कधीकधी दुसऱ्याच सिनेमासाठी. पात्रांची सावली आणि मागच्या इमारतींची सावली वेगवेगळ्या दिशांना पडत असेल, किंवा मागचं चित्र फिकट आणि जास्त दाणेदार असेल, तर प्रदर्शनाच्या वर्षावरून त्या रस्त्याची तारीख ठरवू नका. पायी चालणाऱ्या पात्राच्या मागे दिसणारा रस्ता त्यापेक्षा भरवशाचा.

दहावा फोटो दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा आणि खाली ‘21 एप्रिल 1913, कोरोनेशन’. 21 एप्रिलचा खेळ निमंत्रितांसाठी, ऑलिंपिया थिएटरात. कोरोनेशन थिएटरात लोकांसाठी लागला तो 3 मे 1913 ला. शिवाय फाळक्यांनी हीच कथा 1917 मध्ये पुन्हा चित्रित केली आणि आज उरलेली रिळं कुठल्या आवृत्तीची यावर अभ्यासकांत वाद आहे. तेव्हा त्या चौकटीखाली 1913 लिहायचं तर पुढे प्रश्नचिन्ह हवं.

घरातल्या ट्रंकेत खरोखरचे जुने फोटो असतील तर ढकलपत्रात टाकण्याआधी 600 डीपीआयला स्कॅन करा, कडा न कापता. मागची बाजूही स्कॅन करा, कारण स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतला क्रमांक आणि आजोबांच्या अक्षरातली तारीख तिथेच असते. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा.