३०० रुपये आणि परत गेलेला आवाज: तुमच्या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार ताई, तुम्ही लिहिलंय की आवाज बंद पडलेला पीसी माझ्या दुकानात दुरुस्तीला आणला तेव्हा मी नुसते दोन क्लिक करून ३०० रुपये घेतले आणि घरी साफसफाई करून पीसी परत लावला तर आवाज पुन्हा गायब, आणि आता दुसरे दुकानवाले मदरबोर्ड बदला म्हणतायत. तर आधी एवढंच सांगतो, मदरबोर्डला अजिबात हात लावू नका.

तुमचा सीपीयू आला तेव्हा स्पीकर आधी मोबाईलला लावून बघितले, मग मागचा पुढचा दोन्ही जॅक, मग ड्रायव्हर (विंडोजला आवाजाचा भाग चालवायला लागणारं सॉफ्टवेअर), हे सगळं ठीक निघालं म्हणून शेवटी ते दोन क्लिक करता आले. पार्ट खराब नाहीये हे खात्रीने सांगायला वेळ लागतो, पैसे त्याचे घेतो आणि पावतीवर पण 'तपासणी' असंच लिहितो.

आता आवाज परत का गेला असेल ते. तुमचा मॉनिटर एचडीएमआय केबलवर आहे, त्या केबलमधून चित्रासोबत आवाज पण जातो, आणि तुमच्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. केबल काढून परत लावली की कधीकधी विंडोज मॉनिटरलाच स्पीकर समजून आवाज तिकडे पाठवतं, म्हणजे पीसी वाजतोय पण ऐकू कुठेच येत नाही. खाली घड्याळाजवळ स्पीकरचं चिन्ह आहे त्यावर राइट क्लिक करून साउंड सेटिंग्ज उघडा, आउटपुटमध्ये मॉनिटरचं नाव दिसलं तर ते बदलून रियलटेक किंवा स्पीकर्स असं लिहिलेलं निवडा. त्याआधी मागे वाकून एकदा पिन बघा, स्पीकरची पिन हिरव्या भोकात हवी, गुलाबी माइकचं असतं, आणि टेबल सरकवताना अंधारात ती चुकीच्या जागी जाणं फार कॉमन आहे.

एवढं करूनही नाही वाजलं तर घेऊन या, चार्ज लागणार नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम, चालू करून बघू, तिथे आवाज आला म्हणजे मशीन चांगलं आहे आणि गडबड विंडोजमध्येच आहे. आणि समजा मदरबोर्डवरची आवाजाची चिप खरंच गेली असली तरी यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड मिळतं, त्यावर काम भागतं, त्यासाठी अख्खा बोर्ड कशाला बदलायचा, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही याचं मला खरंच वाईट वाटलं.

येताना स्पीकर आणि ती एचडीएमआय केबल पण आणा, नुसता सीपीयू आणला तर घरी जे होतंय ते इथे दिसणार नाही.